देवाची मूठ



आज देणगीदारांची यादी वाचली गेली. त्यात माझ्या आजीचे नाव नाही. म्हणून दोन शब्द बोलतो.

दळण काढताना आजी सुपातली एक मूठ ज्वारी देवळीतल्या गाडग्यात टाकीत असे. ती देवाची मूठ. सप्ताह आला की ते गाडगे मंदिरात रिते करायचे. ते नेण्याचा मान कोणाला, यावरून आम्हां नातवंडांत भांडणे होत.

१९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जाई. घरात मिलोची लाल भाकरी. तरी मूठ चुकली नाही, असे वडील सांगत. मी एकदा विचारले, "आजी, पोटाला नव्हतं, मग देवाला कशाला?" ती म्हणाली, "आरं, देव कुठं खातो? सप्त्यात जेवतं ते गावच की. त्या साली आपणबी त्याच पंगतीला बसलो हुतो."

आजी गेली आणि आमच्या घरची मूठ बंद पडली. मी तालुका कचेरीत कारकून. जीर्णोद्धाराची पावती फाडली, कर्तव्य झाले असे वाटले. एके दिवशी मुलीने माळ्यावरचे गाडगे दाखवून विचारले, "बाबा, हे कशाचं?" उत्तर देताना मला लाज वाटली.

गेल्या पाडव्यापासून गाडगे पुन्हा देवळीत आहे. मूठ मुलगी टाकते.

मंदिराचा कळस चढला. आता पंगतही अखंड चालू राहो, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.