रातांधळेपणा आणि नात्यातील सोयरिक

भालकी तालुक्यातील मेहकर आणि आसपासच्या सीमाभागात मामाची मुलगी सून करून आणण्याची चाल जुनी आहे. काही घराण्यांत मामा-भाचीचाही विवाह होतो. माणसे पारखलेली असतात, घरची लेक घरातच राहते, हे या चालीचे लाभ सर्वांस ठाऊक आहेत. तिची दुसरी बाजू मात्र सहसा बोलली जात नाही.

दिवेलागण होताच एखादे मूल चाचपडू लागते. हा रातांधळेपणा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने आला असेल, तर वेळीच केलेल्या उपचाराने बरा होतो. परंतु ‘रेटिनायटिस पिगमेंटोझा’ या विकारात दृष्टिपटलातील पेशीच हळूहळू नष्ट होतात. प्रथम रात्रीची, मग बाजूची आणि पुढे कित्येकांची समोरचीही दृष्टी जाते. नागपूरजवळच्या खेड्यांतील प्रौढांच्या पाहणीत सुमारे ७५० माणसांमागे एकास हा विकार आढळल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

आईबापांचे डोळे उत्तम असताना हे कसे घडते? प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून व एक बापाकडून मिळते. एका प्रतीत उत्परिवर्तन, म्हणजे बिघाड, असला तरी पुष्कळदा दुसरी काम निभावते. दोन्ही सदोष आल्या की विकार प्रकटतो. मामा-भाचीत सरासरी चतुर्थांश आणि आते-मामे भावंडांत अष्टमांश जनुके समान असतात. म्हणून एकाच पूर्वजाचा दोष दोहोंकडे असण्याचा संभव वाढतो. दोघांकडेही तो दोष असेल, तर अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास विकार होण्याची शक्यता चारांत एक असते. काही घराण्यांत मात्र एकाच पालकाकडून आलेला दोषही पुरेसा होतो, आणि नात्याबाहेरच्या विवाहातही हा विकार उद्भवू शकतो.

तेव्हा सुनेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणणे हा अन्याय होय. हा कोणाच्या पापाचा वा ग्रहणाचा परिणाम नव्हे.

२०१७ मध्ये अमेरिकेत ‘आरपीई६५’ या जनुकातील दोषावर जनुकोपचारास मान्यता मिळाली. पण या विकारास कारण होणारी जनुके अनेक आहेत, आणि तो उपचार त्या एकाच जनुकापुरता आहे. म्हणून दोष कोणत्या जनुकात आहे, हे रक्ततपासणीने कळणे महत्त्वाचे.

घरात कोणी तरुणपणीच दृष्टी गमावली असेल, तर ती गोष्ट सोयरिकीच्या बैठकीत झाकू नये. नात्यात लग्न ठरविण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञाचा व आनुवंशिकतेच्या जाणकार वैद्याचा सल्ला घ्यावा. आणि अंधारात अडखळणाऱ्या मुलाला वेंधळे म्हणून रागावण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्यावेत.