लग्न आणि पडद्यावरचा संसार

येथे एकलहऱ्यात औष्णिक वीज केंद्रातील कामगार पहिल्या पाळीला निघतो, तेव्हा त्याच्या डब्यासाठी घरात कुणीतरी त्याच्याही आधी उठलेले असते. त्या श्रमांवाचून कोणतीही पाळी भरणार नाही. परंतु ते पगारपत्रकात येत नाहीत, राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातही येत नाहीत.

आपले बहुतेक चित्रपट अंतरपाट दूर होताच संपतात. पुढे गेलेच तर या श्रमांना ‘त्याग’ म्हणतात. १९९१ च्या ‘माहेरची साडी’ने सासुरवाशिणीच्या हालांवर महाराष्ट्राला रडविले. अश्रू खरे होते. पण त्यांनी घरकामाची वाटणी बदलली काय?

याच पडद्याने नकारही दाखविला. १९३७ च्या ‘कुंकू’तील नीरा वृद्ध वकिलाशी फसवून लावलेले लग्न मानीत नाही. १९८२ च्या ‘उंबरठा’तील सुलभा कामासाठी दूर जाते, परतते तो पतीने दुसरीशी संबंध जोडलेला. मात्र नीरेची सुटका वृद्धाच्या आत्महत्येने होते, सुलभेला घर सोडावे लागते. समतेचा संसार या थोर चित्रपटांनाही दाखविता आला नाही, कारण समाजातच तो विरळा होता.

महात्मा फुले यांनी सत्यशोधक विवाहात वधूला स्त्रियांच्या हक्कांविषयी बोलावयास लावले आणि वराकडून त्यांसाठी झटण्याचे वचन घेतले. लग्नाचा अर्थ त्या वचनात आहे. सभेत समतेचा ठराव मांडणाऱ्या कार्यकर्त्याने घरी परतल्यावर निदान आपले ताट आपण वाढून घ्यावे, आणि दुसरेही वाढावे.