वशिंडाचा मासा

आज आम्ही गटातल्या बायका एका माशाची गोष्ट सांगणार आहोत.

1946 साली म्हैसूर भागात, कावेरीला मिळणाऱ्या कबिनी नदीत, व्हॅन इंगेन नावाच्या गृहस्थांनी गळाने एक महासीर धरला. वजन भरलं 120 पौंड, म्हणजे 54 किलो. सिमेंटच्या पोत्याहून जड! या माशाच्या पाठीवर बैलासारखं वशिंड असतं. तो फक्त कावेरीच्या खोऱ्यात सापडतो.

पुढं धरणं झाली, वाळू उपसली, सुरुंग लावून मासे मारले. मासे कमी झाले म्हणून सत्तरच्या दशकापासून नदीत मत्स्यबीज सोडलं. ते आपल्या लोणावळ्यात वाढवलेलं, पण दुसऱ्या जातीचं, निळ्या परांच्या महासीरचं. हेतू चांगलाच होता. मात्र गळ टाकणाऱ्या हौशी लोकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा कळलं, निळ्या परांचे मासे वाढत गेले आणि वशिंडाचे दिसेनासे झाले. 2018 साली ही जात नष्ट होण्याच्या काठावर असल्याचं जाहीर झालं.

आपण घरचं बियाणं जपतो, तसंच नदीचंही जपायला हवं. शेततळ्यात मत्स्यबीज सोडताना विचारा, जात कोणती, आणली कुठून? ते ओढ्यात जाऊ देऊ नका. आणि आपल्या नदीत पूर्वी कोणते मासे मिळायचे, हे घरातल्या आजीला विचारून वहीत लिहून ठेवा. कावेरीत काय हरवलं, ते अशा नोंदींमुळेच कळलं.