फी माफ झाली, खर्चाचं काय?



दिवाळी झाली. कापसाची वेचणी चालू आहे. सप्टेंबरच्या पावसातून ज्यांचं सोयाबीन वाचलं, त्यांच्या घरात चार पोती आली आहेत. या दिवसांत गटाच्या बैठकीत एकच बोलणं असतं. उधारी आधी कोणाची फेडायची, रब्बीला किती ठेवायचे, सणाला झालेला खर्च कुठून भरून काढायचा. आज आम्ही त्या यादीत आणखी एक ओळ घालायला आलो आहोत. तुमची लेक यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असेल आणि तिला पुढं पुण्या-मुंबईला शिकायचं असेल, तर त्या दोन वर्षांचा हिशेब आत्ताच वहीत मांडायला घ्या. जूनमध्ये बघू म्हणाल, तर उशीर होतो. हे आम्ही आमच्याच चुकीतून शिकलो.

ती चूक आधी सांगतो. जुलै २०२४ मध्ये शासनाचा निर्णय आला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आम्ही गावोगावच्या बैठकांत हे आनंदानं सांगितलं. आमच्या एका गटातल्या ताईंच्या मुलीला त्या वर्षी पुण्यात एमबीएला प्रवेश मिळाला. सगळ्याजणी म्हणाल्या, आता कसली काळजी, फी तर माफ झाली. आम्हीही तेच म्हणालो. मुलगी गेली आणि दिवाळीच्या आधी सामान घेऊन परत आली. तिची फी खरंच माफ झाली होती. खोलीचं भाडं, अनामत, मेसचे पैसे, लॅपटॉप, यातलं काहीच आम्ही धरलं नव्हतं. वडिलांनी दोन महिने कसेबसे पैसे पाठवले, तिसऱ्या महिन्यात खताची उधारी दारात आली. पोरगी अभ्यासात कुठंच कमी पडली नव्हती. कमी पडला तो आमचा हिशेब.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात दुसरी एक मुलगी एमसीएची प्रवेश परीक्षा देऊन बसली, तेव्हा आम्ही तिच्या आईला म्हणालो, ताई, आधी वही आणा. त्या परत आलेल्या मुलीलाही बोलावलं. वहीचं पहिलं पान तिनंच लिहिलं, कारण कुठं कुठं पैसा जातो हे आमच्यात तिलाच माहीत होतं. पुण्यात राहणाऱ्या आपल्याच भागातल्या तीन मुलींना फोन लावले आणि त्यांच्याकडून आकडे घेतले. तो हिशेब आता तुम्हाला वाचून दाखवतो. वही जवळ असेल तर लिहून घ्या. तुमचे आकडे वेगळे येतील, पण रकाने हेच राहतील.

पहिला रकाना महिन्याचा. तिघींत एक खोली, त्यातला आपला वाटा ५,५००. दोन वेळची मेस ३,५००. सकाळचा चहा-नाश्ता आणि मेस बंद असते त्या वेळचं जेवण १,०००. बसचा पास आणि इतर जाणं-येणं १,०००. मोबाइलचं रिचार्ज ३००. साबण, पॅड, औषधपाणी ७००. झाले १२,०००. वर्षातले अकरा महिने धरले, म्हणजे दोन वर्षांचे बावीस. त्याचे २,६४,०००.

दुसरा रकाना एकदाच लागणाऱ्या पैशांचा. परीक्षेचा अर्ज, दाखले, झेरॉक्स आणि प्रवेशासाठी आई किंवा वडिलांना घेऊन केलेल्या खेपा, ६,०००. खोलीची अनामत १०,०००. गादी, बादली, चार कपडे, ८,०००. लॅपटॉप ४०,०००. दोन वर्षांची पुस्तकं आणि प्रकल्पाचा खर्च १०,०००. हे झाले ७४,०००.

तिसरा रकाना आपण विसरतो तो. फी माफ असली तरी कॉलेज विकास निधी आणि इतर शुल्क घेतं. त्या कॉलेजात ते वर्षाला १५,००० होतं, दोन वर्षांचे ३०,०००. घरी येण्याच्या आठ खेपा, ८,०००. दुसऱ्या वर्षी भाडं आणि मेस वाढणारच, त्याचे १४,०००. आणि आजारपणाला, अडीअडचणीला २०,०००. हे झाले ७२,०००.

तिन्हींची बेरीज ४,१०,०००.

बेरीज ऐकून ताई गप्प झाल्या. त्यांचं तीन एकर कोरडवाहू रान आहे. आम्ही म्हटलं, सोयाबीनमध्ये मोजू. २०२५-२६च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावानं विकलं तरी ७७ क्विंटल लागतात. एकरी साडेपाच क्विंटलचा उतारा धरला तर तीन एकरांचं जवळपास पाच वर्षांचं पीक, तेही बी-खत-मजुरी न काढता. शेजारच्या मावशी लगेच म्हणाल्या, "एवढा पैसा घालून पोरीला पुण्याला कशाला पाठवायलात? तेवढ्यात लग्न उरकतं की." बहुतेक घरांत वही इथंच मिटते. तुम्ही मात्र वही इथं मिटू नका. अजून फक्त डावं पान झालं आहे, उजवं पान कोरंच आहे.

उजव्या पानावर येणारे पैसे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली, तर राहण्या-जेवणाचा सगळ्यात मोठा खर्च सुटतो, म्हणून अर्ज आधी तिथं करा. जागा नाही मिळाली तर प्रवर्गाप्रमाणे योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी मुलींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. पुण्या-मुंबईसारख्या शहरात यातून वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. मराठा समाजातल्या आणि अल्पभूधारकांच्या मुलींसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्थाही आहेत. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली खेड्यातून येणाऱ्या गरजू मुलांसाठी ती सुरू केली, आणि आज तिथं मुलींचंही वसतिगृह आहे. जागा मोजक्या असतात. कोणत्या अभ्यासक्रमाला घेतात आणि अर्ज कधी निघतो, हे आधी विचारून ठेवा. पुणे विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची 'कमवा व शिका' योजना आहे, तिचीही चौकशी करा.

पण इथं आम्ही एक नियम केला. योजनेचा पैसा खात्यात पडेपर्यंत वहीत जमा धरायचा नाही. योजना खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. पैसा हप्त्यानं आणि उशिरा येतो, आणि खोलीमालक मात्र महिन्याच्या पाच तारखेला दारात उभा असतो. म्हणून मुलीच्या आईनं योजनेचे १,२०,००० पेन्सिलीनं लिहिले.

शाईनं काय लिहिलं? शेतातून वर्षाला ४०,०००, दोन वर्षांचे ८०,०००. ताईंच्या शेळ्यांतून आणि शिलाईतून महिन्याला २,०००, चोवीस महिन्यांचे ४८,०००. झाले १,२८,०००. उरले २,८२,०००. ते कर्जातून.

आता कर्जाचं नीट ऐका, कारण इथं आपल्या बाया फसतात. गटातून अंतर्गत कर्ज आपण शेकडा दोन रुपयांनी घेतो. ते वर्षाला २४ टक्के पडतं. दोन लाखांना महिन्याचं व्याज ४,००० रुपये. बँकेचं शैक्षणिक कर्ज वर्षाला १० टक्के धरलं, तर त्याच दोन लाखांना महिन्याला साधारण १,६७० रुपये. गटाचं कर्ज पेरणीला, आजारपणाला चांगलं, कारण ते लवकर मिळतं आणि लवकर फिटतं. दोन वर्षांच्या शिक्षणाला ते झेपत नाही. दारावर येणाऱ्या खासगी फायनान्सचं तर नावच काढू नका.

शैक्षणिक कर्ज ४ लाखांपर्यंत तारण न देता मिळू शकतं. त्यात वसतिगृह, पुस्तकं आणि लॅपटॉपही बसतं, पण कॉलेजचं प्रवेशपत्र आणि खर्चाचं पत्रक लागतं. बँक सगळा पैसा एकदम देत नाही, टप्प्यानं देते, आणि व्याज उचललेल्या पैशावरच लागतं. म्हणून आम्ही म्हटलं, मंजुरी ३ लाखांची घ्या, उचल लागेल तेवढीच करा. साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षानं हप्ते सुरू होतात. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदानाबद्दल बँकेत विचारा. व्यावसायिक अभ्यासक्रम आणि मानांकन मिळालेलं कॉलेज असेल, तर शिकत असतानाचं व्याज सरकार भरतं.

ताईंनी विचारलं, "पण फेडायचं कसं?" योग्य प्रश्न. तीन लाख सात वर्षांत फेडायचे, तर १० टक्क्यांनी महिन्याचा हप्ता सुमारे ५,००० येतो. आम्ही मुलीला म्हटलं, या कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या पाच जणींना फोन कर आणि पहिला पगार विचार. कॉलेजच्या जाहिरातीतला आकडा धरू नको. पाचांत चौघींना नोकरी लागली होती, आणि हप्ता भरून त्यांचं भागत होतं. पाचवीला लागली नव्हती, तीही आम्ही वहीत लिहिली. धोका दिसत असतानाच घरानं हो म्हटलं.

हिशेब मांडला म्हणजे पुण्यालाच जायचं, असंही नाही. आमच्याच एका मुलीला पुण्यात एम.ए. करायचं होतं. तोच विषय नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात होता. परभणीहून सकाळी रेल्वेनं जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. दोन्ही हिशेब शेजारी ठेवल्यावर तिनंच नांदेड निवडलं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली निघालं, त्याआधी आपल्याकडच्या मुलांना विद्यापीठासाठी हैदराबाद गाठावं लागे. १९९४ साली विद्यापीठ नांदेडला आलं. जवळ आलेली सोय वापरण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र 'पोरीला लांब कशाला' म्हणून नांदेड निवडणं वेगळं, आणि दोन्ही पानं वाचून निवडणं वेगळं.

आता शेवटची आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. चार लाख दहा हजारांचा आकडा मोठा दिसतो, पण घर अडतं ते त्याच्यापायी नाही. ते पहिल्या पंधरा दिवसांच्या पैशापायी अडतं. कॉलेजचं शुल्क १५,०००, अनामत १०,०००, पहिल्या महिन्याचं भाडं ५,५००, मेसचे आगाऊ ३,५००, गादी-बादली ८,००० आणि हातात ३,०००. झाले ४५,०००. तेव्हा योजना आलेली नसते, बँकेची मंजुरी वाटेत असते, आणि पेरणीनं घर रिकामं झालेलं असतं. आमची पहिली मुलगी इथंच उधारीत अडकली, ती पुन्हा वर आली नाही.

हे ४५,००० आज उभे करायला लागा. या महिन्यापासून जूनपर्यंत आठ महिने आहेत. बँकेत लेकीच्या नावानं महिन्याला ३,०००चं आवर्ती ठेव खातं काढलं, तर २४,००० जमतात. उरलेल्या २१,०००साठी गटाचं कर्ज घ्या, आणि बँकेचा पहिला टप्पा आला की ते फेडा. एवढ्यापुरतं गटाचं कर्ज उपयोगी. यंदाच्या पावसानं ज्यांचं पीक गेलं, त्यांनी हजाराचं खातं काढा, पण काढा. आणि याच महिन्यात दाखल्यांच्या मागे लागा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता. वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात. दाखला नसला तर योजना आणि फी माफी दोन्ही हातची जातात.

ती एमसीएची मुलगी आज पुण्यात आहे. पहिल्या टप्प्याचं कर्ज आलं, योजनेचे पैसे अजून आलेले नाहीत, पेन्सिलीचा आकडा पेन्सिलीतच आहे. दर रविवारी ती आईला फोनवर आठवड्याचा खर्च सांगते आणि ताई वहीत लिहून घेतात. मागच्या महिन्यात बारा हजारांऐवजी साडेबारा झाले. पाचशे कुठं वाढले, यावर मायलेकींचं भांडणही झालं. आम्हाला ते ऐकून बरं वाटलं. परत आलेली मुलगी सध्या परभणीत एका दुकानाचे हिशेब लिहिते आणि पुन्हा प्रवेश परीक्षेचा अभ्यास करते. या वेळी तिची वही आधी तयार आहे.

मैत्रिणींनो, लग्नाला किती लागतील हे आपण वही न उघडताही सांगतो, आणि उसनवारी करून ते उभेही करतो. शिक्षणाचं नाव निघालं की मात्र हिशेब न मांडताच 'परवडत नाही' म्हणून मोकळं होतो. येत्या बैठकीला वहीची दोन कोरी पानं घेऊन या, लेकीलाही सोबत आणा. बेरीज सगळ्याजणी मिळून करू. परवडत नसेल तर ते बेरीज झाल्यावर म्हणू.