स्थानकाभोवतीचे पाचशे मीटर
(व्याख्यानाचा मजकूर)



बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील किती घरांतून एखादा मुलगा, लेक वा पुतण्या पोटापाण्यासाठी पुण्यास गेला आहे, हे आपणांस मी सांगावयास नको. त्यांपैकी कित्येकांची बिऱ्हाडे आज कोथरूड-एरंडवण्याच्या जुन्या, तीनमजली इमारतींत आहेत. कोणी मालक म्हणून, कोणी भाडेकरू म्हणून. तेव्हा पुण्याच्या मेट्रोभोवती उठलेला वाद हा आपल्या घरचाच वाद आहे.

वनाजपासून गरवारे महाविद्यालयापर्यंत मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी धावू लागली आणि दोन वर्षांनी, ६ मार्च २०२४ रोजी, ती रामवाडीस पोहोचली. परंतु गाडीच्या आधीच नियम येऊन उभा राहिला होता. स्थानकापासून ५०० मीटरांच्या आत, रस्ता पुरेसा रुंद व भूखंड पुरेसा मोठा असेल तर, अधिमूल्य भरून चटई क्षेत्र निर्देशांक ४ पर्यंत वापरावा, असे धोरण राज्य शासनाने २०१९ मध्ये मंजूर केले. मूळ निर्देशांक आहे १.१.

हे आकडे कागदावर निरुपद्रवी दिसतात. त्यांचा अर्थ पाहा. २,००० चौरस मीटरांच्या भूखंडावर मूळ निर्देशांकाने २,२०० चौरस मीटर बांधकाम होते. ४ ने ८,०००. सदनिका सरासरी ८० चौरस मीटरांची धरली, तर २७ बिऱ्हाडांच्या जागी १०० बिऱ्हाडे येतात. माणशी दररोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे प्रचलित मान घ्या. चौघांच्या कुटुंबास ५४० लिटर. म्हणजे जेथे दिवसाला सुमारे १५ हजार लिटर लागत होते तेथे ५४ हजार लागणार, आणि त्याचे सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होऊन त्याच गल्लीतील जुन्या नळांतून वाहणार! पाणी यावयाचे ते खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून, आणि त्यावर दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याचाही हक्क आहे. नवा मजला मंजूर करणारा अधिकारी नवे धरण मंजूर करीत नाही.

म्हणून स्थानकाजवळ उंच इमारती नकोतच, असे म्हणणाऱ्यांच्या मागे मी जाणार नाही. मेट्रोला प्रवासी हवेत, आणि स्थानकास चालत जाणारा माणूस हाच तिचा खरा प्रवासी. शहरास जागा येथे दिली नाही, तर ते टेकडीवर चढेल आणि पंचक्रोशीतील शेते गिळील. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणानेही स्थानकालगतच्या वाढत्या जमीनमूल्यातून मेट्रोस पैसा मिळावा असेच धरले आहे. तत्त्व खोटे नाही. परंतु तत्त्व अमलात येते तेव्हा घर कोणाच्या हाती पडते? तीन शयनगृहांची सदनिका घेऊन दोन मोटारी ठेवणारा कुटुंबप्रमुख मेट्रोच्या जिन्याशी कशाला येईल? तो आला नाही, तर गर्दी तेवढी वाढली आणि गाडी रिकामीच राहिली, असे व्हावयाचे.

शिवाय ते पाचशे मीटर कोणते? कंपासने काढलेले वर्तुळ नदीची पर्वा करीत नाही. डेक्कनचे स्थानक मुठेच्या काठी. पलीकडे शनिवार-नारायण पेठ. नकाशात जे दोन बोटांवर आहे, तेथे पादचाऱ्यास पूल शोधीत जावे लागते. आणि मुठेकाठी दाटी वाढविताना पुराची रेषा कोणी विसरू नये. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर म्हाताऱ्यांच्याच स्मरणात उरला, असे म्हणावे, तर २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याच्या विसर्गाने सिंहगड रस्त्यालगतची एकतानगरी पाण्यात गेली.

आता सभासदांविषयी. पुनर्विकासाचा ठराव ५१ टक्क्यांच्या संमतीने होऊ शकतो, असे ४ जुलै २०१९ च्या शासननिर्णयाने ठरविले. पूर्वी ७५ टक्के लागत. बहुमताने घर पाडावे की नाही, हा प्रश्न सभेत सुटतो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या विधवा आजींना उद्वाहन, अग्निशमनाचा पंप आणि पहारेकरी यांचा मासिक खर्च झेपेल काय, हा तेथे कोणी विचारीतच नाही. बांधकाम व्यावसायिक वाढीव खोली दाखवितो; देखभालीचा आकडा दाखवीत नाही. तो आधी लेखी मागा. आणि भाडेकरू? त्याला तर मतच नाही. सीमाभागातून गेलेली आपली मुले बहुधा याच वर्गात मोडतात. जुनी इमारत पडली की ती वारज्याच्या पलीकडे फेकली जातात आणि मेट्रो ज्यांच्यासाठी आली तेच तिच्यापासून दूर जातात.

विकास नियमांत फेरफार करावयाचा तर १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ प्रमाणे नोटीस काढून लोकांच्या सूचना व हरकती मागवाव्या लागतात. हरकतीत ‘आमची शांतता भंगेल’ एवढेच लिहिले, तर ती दप्तरात पडून राहते. नळाचा व्यास किती, सांडपाणी कोठे जाणार, लहान सदनिका किती, वाहनतळ कमी ठेवणार काय, अधिमूल्यातील किती पैसा त्याच प्रभागाच्या नळांवर खर्च होणार, हे लिहा. पुण्यातील आपल्या मुलांनाही तसे कळवा. मुदत फार थोडी असते.