शेंडा वाळला म्हणजे झाड मेले नव्हे



साहित्याच्या व्यासपीठावर एका डॉक्टरला झाडांच्या रोगांवर बोलायला बोलावलेत, याबद्दल आभार. विषय आपल्या अंगणातला आहे. २०२१ साली पावसाळा सरता सरता हैदराबादेत आणि तेलंगणाच्या अनेक जिल्ह्यांत कडुलिंब शेंड्याकडून तपकिरी पडू लागले. लोक घाबरले. जो लिंब आपल्याला औषध देतो, त्यालाच रोग? पुढच्या वर्षांतही हे दृश्य दिसले. त्या भीतीपोटी काही ठिकाणी झाडे तोडण्याची भाषा सुरू झाली. ती भाषा थांबावी, एवढ्यासाठी आज उभा आहे.

या लिंबाचे शास्त्रीय नाव आझादिराक्टा इंडिका. मुळात फारसी शब्द, ‘आज़ाद दरख़्त’. उर्दूच्या शेजारात वाढलेल्या आपल्याला त्याचा अर्थ सांगायला नको. त्याच्या रोगकारक बुरशीलाही झाडाचेच नाव मिळाले, फोमॉप्सिस आझादिराक्टी. भारतीय शास्त्रज्ञांनी १९९७ साली तिचे वर्णन केले. म्हणजे हा रोग २०२१ साली आकाशातून पडलेला नाही.

तो चालतो कसा? वाळलेल्या डहाळीवर बुरशीचे बारीक काळे ठिपके धरतात. पावसात त्यांतून बीजाणू बाहेर पडतात आणि थेंबांच्या शिंतोड्यांबरोबर कोवळ्या शेंड्यांवर जातात. कोकणातले काजूवाले ज्याला ढेकण्या म्हणतात, तो किडाही लिंबाच्या कोवळ्या फुटीचा रस शोषतो. त्याच्या सोंडेने झालेली जखम म्हणजे बुरशीला उघडे दार. मग पाने करपतात, मोहोर जळतो, निंबोळ्या कुजतात आणि डहाळी टोकाकडून खाली वाळत येते. इंग्रजीत याला डायबॅक म्हणतात. आपण शेंडेमर म्हणू या.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. झाडाच्या रोगात नावापेक्षा दिशा आधी पाहावी. होमिओपॅथीत डॉ. हेरिंग यांनी रोग बरा होण्याच्या दिशेचा विचार मांडला. आम्ही वैद्यकीच्या पहिल्या वर्षांतच तो शिकतो. झाडापुढे उभे राहिल्यावर मी बिघडण्याची दिशा विचारतो. रोग वरून खाली येतो आहे, की खालून वर चढतो आहे?

खालून चढणारा रोग आपल्या शेतकऱ्यांना चांगला माहीत आहे. तुरीची मर घ्या. ती बुरशी जमिनीतून मुळांत शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या अडवते. जमिनीत ओल असूनही झाड तहानेने कोमेजते. खोड उभे चिरले की आत काळपट रेघ दिसते. अशा झाडाच्या शेंड्यावर कितीही फवारा, उपयोग नाही.

तिसरी दिशा मोसंबीच्या डिंक्याची. मराठवाड्यातले मोसंबीवाले हे दुखणे पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले आहेत. जमिनीलगत खोडाची साल कुजते आणि डिंक पाझरतो. कारण फायटोफ्थोरा. डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ साली हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ वनस्पतींचा नाश करणारा. आज शास्त्र त्याला खऱ्या बुरशीत धरत नाही, पण बागवानाला त्याने काही फरक पडत नाही. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाटा कुजून जो भीषण दुष्काळ पडला, तो याच्याच भाऊबंदाने आणला. डिंक्यावर उपाय साधा आहे. पाणी बुंध्याशी साचू द्यायचे नाही, कलमाचा जोड मातीत गाडायचा नाही आणि पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो मलम लावायचे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. भांडे लोखंडी नको, प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे. लोखंडी सुरी त्यात बुडवून पाहावी. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, असे समजावे.

या औषधाचा जन्मही गमतीचा. फ्रान्समध्ये बोर्डो भागात रस्त्याकडेची द्राक्षे वाटसरू तोडीत. ती विषारी वाटावीत म्हणून बागायतदार वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडीत. त्याच वेली केवड्यापासून वाचल्या, हे प्राध्यापक मिलार्दे यांच्या नजरेस आले आणि १८८५ साली त्यांनी हे मिश्रण जगापुढे ठेवले. सगळे पाहत होते, त्यांनी निरखले.

आता पुन्हा आपल्या लिंबाकडे. त्याचा रोग वरून येतो, मुळे बहुधा शाबूत असतात. म्हणून झाड मेले की नाही, हे शेंड्यावरून ठरवू नका. खालच्या फांदीची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवे आणि ओलसर दिसले, तर झाड जिवंत आहे. रोप लहान असेल तर कोरड्या दिवसांत, वाळलेल्या भागाच्या थोडे खाली, निरोगी लाकडात काप घ्या, काढलेली डहाळी जाळा आणि कापावर बोर्डो मलम लावा. फवारणी करायची तर कृषी खात्याला विचारून करा. मोठ्या झाडाच्या शेंड्यापर्यंत फवारा पोहोचतच नाही. तिथे मुळांशी ओल ठेवावी, बुंध्याभोवतीचे सिमेंट थोडे फोडावे आणि थांबावे.

दवाखान्यात लोक विचारतात, “डॉक्टरसाहेब, लिंबाला काही गोळ्या देता येतील का?” मी नाही म्हणतो. आमच्या औषधांची परीक्षा निरोगी माणसांवर झालेली आहे. ती झाडावर लादायचा मला अधिकार नाही.

माझ्या घरच्या संस्कारात झाड हा एकेंद्रिय जीव मानतात, आणि हिंसेच्या मुळाशी प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, असतो असे शिकवतात. जिवंत झाड मेलेले समजून तोडणे हा तसाच प्रमाद. त्यात पार्किंगची जागाही सुटणार असेल, तर निदान जास्तच घाईने होते. सोसायटीच्या बैठकीत असा ठराव आला, तर आपल्यापैकी कुणीतरी उठून एवढेच म्हणावे, “आधी साल खरवडून पाहू.”

लिंबाची नवी पालवी फाल्गुन-चैत्रात येते. पाडव्याला आपल्याला त्याचा पाला लागतो, शेजारच्या तेलुगू घरात उगादीच्या पच्चडीला त्याचा मोहोर लागतो. म्हणून माझी विनंती आहे, कार्तिकात वाळलेल्या लिंबाचा निकाल कार्तिकात लावू नका. चैत्रापर्यंत थांबा. बहुतेक झाडे स्वतःच उत्तर देतील.