आजीची जास्वंद, माझी बाल्कनी

आज कोडिंग नाही, जास्वंद.

चिपळूणला आजीच्या अंगणात लाल, पाच पाकळ्यांची जास्वंद होती. मागच्या पावसाळ्यात घर पाडून नवं बांधायचं ठरलं आणि झाड नेमकं मधे येत होतं. मी पाच फांद्या कापून पुण्याला आणल्या. बी पेरलं तर रोप वेगळं निघू शकतं, पण फांदीतून येतं ते अगदी तेच झाड. बॅकअपच म्हणा ना!

फांदी पेन्सिलीएवढी जाड, साधारण 6 इंच. डोळ्याच्या जरा खाली काप घ्यायचा, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढायची. माती-वाळूत निम्मी खोचायची, कुंडी सावलीत, माती ओलसर.

दहा दिवसांत कोंब फुटले. मी खूश! एक उपटून पाहिली, तर मूळ शून्य. पहिली पानं फांदीतल्या साठ्यावरच फुटतात, हे मला कुठे माहीत? अशा तीन घालवल्या. आई फोनवर म्हणाली, "अरे, सारखं उपटून बघितलंस तर जगेल कशी ती?" मग दीड महिना हात लावला नाही. दोन्ही जगल्या.

आता 6 तास ऊन देतो. फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून थंडी सरली की छाटायची, जीव वर-खाली झाला तरी. पानाखाली कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग कडुनिंबाचं तेल.

पहिली कळी आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवली. तिने एवढंच विचारलं, "परत कधी आणतोस?"

एक कुंडी तिचीच आहे. घराचं काम संपू दे.